सरकणाऱ्या पिशव्या

"मग हा दांडा त्या पुडीत मावतो कसा, सर?"

निवेसच्या प्रश्नावर मागच्या बाकांवर कुणीतरी खुदकन हसलं. इटलीतल्या पाविया विद्यापीठात तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर होते. कुणीही येऊन बसावं.

प्राध्यापक त्रेझ्झानींनी चष्मा काढला. "प्रश्न मी विचारतो, बाई."

फळ्यावर तिनं गॉल्जी यंत्रणा काढली होती. एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्या. पेशीत बनलेली प्रथिनं एका बाजूनं आत शिरतात, वाटेत त्यांना साखरेचे रेणू जोडले जातात, काटछाट होते, आणि दुसऱ्या बाजूनं ती आपापल्या मुक्कामी रवाना होतात. इथवर दोघांचं एकमत होतं.

"पिशव्या जागच्या हलत नाहीत. प्रथिनं बारीक पुड्यांत बसून एका पिशवीतून दुसरीत जातात. एवढं म्हणा, तीसपैकी तीस घ्या."

"कोलॅजेन या प्रथिनाचा दांडा पुडीच्या कितीतरी पट लांब असतो. सूक्ष्मदर्शकाखाली मला तो पिशव्यांतच दिसला, पुडीत एकदाही नाही. म्हणजे अख्खी पिशवीच पुढं सरकत असणार."

"ही यंत्रणा याच गावात सापडली, बाई. तुमच्या वडिलांच्या भातगिरणीत नाही!"

"तिथं असती तर आधी सापडली असती, सर."

आता सगळेच हसले. त्रेझ्झानी सोडून.

"चोवीस. मान्य?"

हे विचारायची रीतच आहे. गुण नाकारून विद्यार्थी पुढच्या खेपेला पुन्हा बसू शकतो. पण वसतिगृहातली फुकटची खोली टिकवायला निवेसला आजच सत्तावीस हवे होते.

"अगं, सर सांगतायत ते म्हणून टाक की!" मागून तिची मैत्रीण मिरेला कुजबुजली. "मनात काय ते राहू दे!"

"मान्य नाही, सर."

"पुढच्या खेपेलाही समोर मीच असेन."

"तुमच्याकडेच येईन."

शनिवारी वडील गिरणीची गाडी घेऊन वसतिगृहावर आले. खोकी चढवताना त्यांनी विचारलं, "नापास झालीस?"

"नाही, बाबा. गुण घेतले नाहीत. जे दिसलं नाही, ते आहे म्हणायला सांगत होते."

त्यांनी खोक्यांवरची दोरी आवळली.

"म्हणजे आता घरून रोज पहाटेची बस."

"हो."

अंगणातल्या मुली बघत होत्या. वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली, त्याच टोपीनं पुढच्या सीटवरचा कोंडा झटकला आणि निवेस बसेपर्यंत दार उघडं धरून तसेच उभे राहिले.