गोष्टीमागे अर्धा तास

सुट्टीच्या सहलीला मी येणार नाही, असं मी मुलाला आधीच सांगून टाकलं होतं. तलावाकाठचं भाड्याचं घर, पोहणं, होडी, दिवसभर पोरांचा दंगा. त्यात माझ्यासारख्याचं काय काम? आयुष्य छापखान्यात दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढण्यात गेलं. चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की मला आधी माझ्याच वाक्यातली चूक दिसते. पण मुलगा म्हणाला, "बाबा, पोरं अडून बसलीत. आजोबा नसतील तर आम्हीही येत नाही म्हणतात."

झालं. त्या एका वाक्यावर मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. निघेपर्यंत रोज सकाळी फिरताना मनातल्या मनात गोष्टी जुळवत होतो. पाण्याला घाबरणारा नावाडी, स्वतःच हरवलेला वाटाड्या, असं काहीबाही. बरं जमतंय की नाही, कोणाला विचारणार? शेजारचे गृहस्थ एकदा म्हणाले, "काय हो, एकटेच हसताय?" तेव्हा मी वाट बदलली.

पण तिथे जमलं. पहिल्याच संध्याकाळी पोरं अंघोळ करून, ओल्या केसांनी माझ्या खाटेवर येऊन बसली. नात पाचवीतली, तिला आम्ही भिंगरी म्हणतो. नातू अजून दात पडायच्या वयाचा. आवाजावरून त्याचं नाव भोपू पडलं आहे. "आजोबा, गोष्ट," भोपू म्हणाला. मी घाबरत घाबरत सुरुवात केली. दोघं शेवटपर्यंत हलली नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मला वाटलं, चला, म्हातारपणी का होईना, एक गोष्ट आपल्याला येते.

त्यानंतरच्या संध्याकाळी नावाड्याची गोष्ट फार रंगली. संपल्यावर पोरं उठायला लागली तर मीच म्हणालो, "थांबा, आज आणखी एक सांगतो." भिंगरीने भोपूकडे पाहिलं, भोपूने भिंगरीकडे. मग दोघं पुन्हा बसली. मी वाटाड्याची गोष्ट सांगितली, जरा लांबवूनच.

ती संपताच भोपू स्वयंपाकघरात धावला. त्याच्या आवाजाला भिंतींचं काही वाटत नाही. "आई, आज दोन झाल्या. मला दोन्हींचा फोन पाहिजे. पूर्ण तास."

"हळू बोल," सूनबाई म्हणाली.

मी भिंगरीला विचारलं, "कसल्या दोन?"

ती चादरीचा कोपरा गुंडाळत बसली. "पप्पांनी सांगितलं होतं, तुम्हाला सांगायचं नाही."

"मग नको सांगूस."

"एका गोष्टीमागे अर्धा तास फोन," ती म्हणाली. "मधे उठलं तर नाही मिळत."

सकाळी मुलगा गच्चीवर पोहण्याचे कपडे वाळत घालत होता. मी त्याला चिमटे देत उभा राहिलो. रात्रभर वाक्यं जुळवली होती, पण त्यातलं एकही आठवेना.

"पोरांना तू फोन देतोस म्हणे. माझ्या गोष्टींबद्दल."

त्याचा हात थांबला. "कोणी सांगितलं? भोपू ना? त्या कार्ट्याच्या पोटात काही राहत नाही." मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "बाबा, ही सहल कशासाठी काढली? सगळ्यांनी जवळ यावं म्हणूनच ना. घरी तुम्ही पुस्तकात, पोरं फोनमध्ये. लहानांना औषध साखरेतूनच द्यावं लागतं."

"म्हणजे मी औषध."

"तसं नाही हो."

"आणि पोरं अडून बसली होती, ते?"

त्याने टॉवेल झटकला. एकदा झटकून पुरलं असतं, तो झटकतच राहिला. "तुम्ही तसे आला नसतात," तो म्हणाला.

वाईट हेतू कोणाचाच नव्हता, हेच मला जड गेलं. भांडावं तर कशावरून? तो चांगला मुलगा आहे. त्याने चांगल्या मनाने मला फसवलं, आणि माझ्याच नातवंडांना त्यात कामाला लावलं. दिवसभर सगळे होडीत बसले, हसले. भोपूने मला भिजवलं, मीही हसलो. पण प्रत्येक वेळी मनात येत होतं, याची किती मिनिटं मिळणार असतील?

संध्याकाळी दोघं आली. ओले केस, तशीच बसली. "आजोबा, गोष्ट," भोपू म्हणाला.

"आज नाही. जा, आईकडून फोन घ्या. झाली म्हणून सांगा."

"खरंच?" भोपू म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता पळाला.

भिंगरी दारापर्यंत गेली आणि थांबली. "पप्पा विचारतात, कुठली गोष्ट सांगितली म्हणून."

"सांग काहीतरी."

"काय सांगू? मला खोटं लगेच सुचत नाही." ती परत येऊन खाटेच्या कडेला टेकली. "तुम्ही थोडी तरी सांगा. म्हणजे मला सांगता येईल."

जा म्हणावंसं वाटलं. पण ती बसली होती, आणि जा म्हणायचं धैर्य मला कधीच आलेलं नाही. म्हणून सुरुवात केली. एका गावात एक दिवे लावणारा होता, वगैरे. एरवी सांगताना मी छताकडे बघतो, म्हणजे संकोच वाटत नाही. आज मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो, आणि त्यामुळे दोनदा गोष्टीत चुकलो. दुसऱ्या वेळी तिने मला सुधारलं. म्हणजे ती ऐकत होती. निदान पप्पांनी विचारलं तर सांगता येण्याइतकं तरी.