दोन खांद्यांचा ब्लाउज

खडकी बाजारात सकीनाभाभींचं शिवणाचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, एक मशीन, एक आरसा आणि एक पडदा. पडद्याआड बाई आली की भाभी टेप नंतर घ्यायच्या, आधी पाठीवरून हात फिरवायच्या. कुणाची पाठ भरलेली, कुणाचे दंड जड, कुणी बाळंतपणानं सैलावलेली; हाताला सगळं कळायचं.

हेमाच्या पाठीवर मात्र हात थबकला. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली.

"सदाशिव पेठ सोडून इतक्या लांब आलीस ती ह्याच्यासाठी होय?"

"तिथले शिंपी म्हणाले, कापड सरळच आहे बाई, तुम्हीच जरा सरळ उभ्या राहा."

"मेल्याच्या तोंडालाच हूक लावायला हवा!"

हेमा हसली. रविवारी तिचा साखरपुडा होता. अशा खांद्यांना भाभी आजवर करत आल्या तेच त्यांनी केलं: डाळिंबी रेशमाच्या ब्लाउजात उजवीकडे आतून कापसाची गादी बसवली, दोन्ही खांदे एका रेषेत आणले आणि मोठ्या हौसेनं तिला आरशापुढे उभं केलं.

"छान दिसतंय," हेमा म्हणाली, आणि तिचे डोळे भरले.

"अगं, मग रडतेस कशाला?"

"भाभी, शरच्चंद्र मला बघायला आले, तेव्हा मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. ते म्हणाले, उकडत असेल, उजव्या खांद्यावरून सोडा तो. मी सोडला. त्यांनी मला अशीच बघून होकार दिलाय. आता रविवारी पाटावर ही दुसरीच कोण येऊन बसली, असं नाही का वाटायचं त्यांना?"

भाभींनी आतल्या गादीवर हात ठेवला. कौतुकाच्या भरात आपणही पोरीला सरळ उभी राहा असंच सांगितलं की!

त्यांनी ब्लाउज उसवला. जन्मभर कापड दुमडून दोन्ही बाजू एकदम कापणारा हात; आज डावी बाजू होती तशी ठेवली, उजवी एकटी पाटावर पसरली. खांदा दोन बोटं उतरवला, बगल तेवढीच खाली घेतली.

"घाल. हात वर कर. आता खाली."

कुठं ओढ नाही, कुठं सुरकुती नाही. खांदा होता तिथंच होता. टेकडीवरून ऊन उतरावं तसं रेशीम त्याच्यासोबत उतरलं होतं.

हेमा वळून वळून आपली पाठ बघत राहिली.

"भाभी..."

"बोल."

"मागचा गळा अजून थोडा खोल होईल?"

"सासूबाई काय म्हणतील?"

"बघू की!"

भाभींनी खडू उचलला, पाठीवर कमान ओढू लागल्या. गुदगुल्या होऊन हेमा खुदखुदली.

"हलू नकोस गं," भाभी म्हणाल्या. पण त्याही हसत होत्या, आणि रेघ काही केल्या पुरी होत नव्हती.