आण्णाप्पाची बेलवांगी

धर्मराज पोस्टातून निवृत्त झाला आणि दुसऱ्याच महिन्यात बेळगावच्या खासबागेतल्या आपल्या घराच्या गच्चीवर शेतकरी झाला. निवृत्त माणसाला कसलं ना कसलं खूळ लागतंच, त्यात ह्याचं तसं निरुपद्रवी. रंगाचे रिकामे डबे, कान तुटलेली बादली, मधोमध कापलेली जुनी पाण्याची टाकी, आणि त्या सगळ्यात टोमॅटो. वांगं नाही, मिरची नाही, नुसते टोमॅटो. हा सगळा आटापिटा एका माणसासाठी चालला होता, आणि ते माणूस खाली स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलेलं असायचं.

ते माणूस म्हणजे त्याची आई, शेवंताबाई. वय ब्याऐंशी, दात नऊ, पण जीभ अशी की आमटीत मीठ चिमटीनं कमी पडलं तरी सांगून मोकळी. गेल्या वर्षभरात त्यांचं जेवण तुटलं होतं. दोन घास खायच्या आणि ताट सारायच्या. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. शेवटी धर्मराजनं कावून विचारलं, आये, तुला खायला हवंय तरी काय? त्या म्हणाल्या, बेलवांगी. टोमॅटोला त्या बेलवांगीच म्हणत, आणि ब्याऐंशीव्या वर्षी त्यांना सुधारायला कोण जाणार?

"सदलग्याला हुती तसली," त्या आपल्या गावाची आठवण काढत म्हणाल्या. "भाकरीवर चुरडून मीठ टाकलं की दुसरं काय लागायचं न्हाय. आणि बी हळवं बघ बाबा. गरवं नको. मला म्हातारीला थांबायला येळ हाय व्हय?"

धर्मराजची मुलगी उपासना बँकेत नोकरीला, शहरात वाढलेली. ती हसायलाच लागली. टोमॅटो हळवा म्हणजे काय, बोललं की रडतो? मग आजीनं तिला सुनावलं की लवकर फळतं ते हळवं आणि उशिरा फळतं ते गरवं, आणि एवढंही कळत नसेल तर त्या बँकेत काय शिकवतात कोण जाणे. उपासनानं हसत हसत तीन जातींचं बी मागवलं. दोन ऑनलाइन, आणि एक, पुसा रुबी, शहापुरातल्या बियाण्यांच्या दुकानातून.

पाऊस ओसरल्यावर रोपं लागली. धर्मराज सकाळ-संध्याकाळ गच्चीवर. पानाखाली किडा बघ, काठीला सुतळी बांध, फूल गळलं की तोंड पाडून खाली ये. दिवाळीनंतर पहिली फळं आली आणि परीक्षा सुरू झाली. मोठा लालबुंद हायब्रीड आईनं चावला आणि म्हणाली, रबर हाय. इवलासा चेरी टोमॅटो खाल्ला आणि म्हणाली, ही गोळी पोरास्नी दे. पुसा रुबीला मात्र थोडी थांबली. अर्धं फळ खाल्लं, मान हलवली. "हे जरा बरं हाय. आंबट हाय, हळवंबी हाय. पण ते न्हवं रं." आणि ताट सारलं.

आता मुद्द्याची गोष्ट. ते बी मिळणार असेल तर सदलग्यातच, आणि सदलग्यातही एकाच घरात, हे धर्मराजला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आण्णाप्पाच्या घरात. धर्मराजची आई तरुणपणी वीस वर्षं ह्या आण्णाप्पाच्या शेतात मजुरीला राबली होती. तिथला माल आण्णाप्पाची बेलवांगी म्हणून निपाणीच्या बाजारात नावानं विकला जायचा. बी ठाऊक होतं, घर ठाऊक होतं, आणि तरी हा बहाद्दर गच्चीवर ऑनलाइनची पाकिटं फोडत बसला होता.

त्यालाही कारण होतं. अकरा वर्षांचा असताना आईनं त्याला त्या घरी ताक मागायला पाठवलं होतं. अंगणात उभं राहायचं, पायरी चढायची नाही. वरून तांब्यात ओतलेलं ताक निम्मं त्याच्या हातावर सांडलं आणि सोप्यात बसलेली पोरं हसली. त्या दिवशी त्यानं मनाशी ठरवलं, ह्या दारात पुन्हा काही म्हणजे काही मागायला यायचं नाही. पन्नास वर्षं त्यानं ते पाळलं. नोकरी लागताच आईला बेळगावला आणलं आणि सदलग्याची वाट सोडली.

त्यानं आधी आडवाटेनं प्रयत्न करून पाहिला. सदलग्यात पूर्वी त्याच्या हाताखाली असलेला पोस्टमन होता, परशराम. त्याला फोन लावून बी शोधायला सांगितलं. चार दिवसांनी परशरामचा उलटा फोन आला, की साहेब, गावात सगळा ऊस झालाय, असलं बी कुणाकडं नाही. असलं तर आण्णाप्पाच्या म्हातारीकडंच. ती अजून आहे. तुम्हीच या.

त्या दिवशी आईनं एकच घास खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मराजनं इस्त्रीचा सदरा घातला आणि कुणाला न सांगता सदलग्याला जायला चिकोडीची बस धरली.

आण्णाप्पाचं घर बदललं होतं. वर स्लॅब, दारात ट्रॅक्टर. पण अंगण तेच, आणि गंमत बघा, एकसष्ट वर्षांचा, पेन्शनर, मुलगी बँकेत, असा हा माणूस अंगणात बरोबर त्याच जागी जाऊन थांबला. पाय पुढे उचलेनात. त्याला स्वतःची भयंकर चीड आली. सोप्यात राजाबाई बसल्या होत्या, आण्णाप्पाची बायको, त्याच्या मागं राहिलेली, पार वाळून गेलेली. कोण रं, म्हणाल्या. त्यानं नाव सांगितलं, कुणाचा ते सांगितलं. त्या म्हणाल्या, वर ये की, उन्हात का थांबलास?

तो पायरी चढला. खुर्चीवर बसला, पण टेकून नाही. आणि जे कधी करायचं नाही म्हणून ठरवलं होतं ते केलं. मागितलं. आईला तुमच्या शेतातल्या बेलवांगीचं बी पाहिजे, म्हणाला. ऐकताना स्वतःचाच आवाज त्याला अकरा वर्षांच्या पोराचा वाटला.

राजाबाई हसल्या. पण ते हसणं त्या पोरांसारखं नव्हतं.

"आमच्यात कुठलं आलंय बी?" त्या म्हणाल्या. "बी तर शेवंती धरायची. कुठलं झाड आधी फळलं, कुठलं फळ ठेवायचं, कुठलं तोडायचं, सगळं तिच्याच ध्यानात. ह्यास्नी वांगं कुठलं नि बेलवांगं कुठलं, त्येबी कळत न्हवतं. नाव मातूर त्यांचं झालं. ती बेळगावला गेली, आणि तिसऱ्या वर्षी चव गेली. मग ऊसच लावला."

वीस वर्षं निपाणीच्या बाजारात जे नाव पुकारलं गेलं ते चुकीचं होतं, आणि हे ठाऊक असलेली दोन माणसं दोन गावांत गप्प बसून म्हातारी झाली होती. धर्मराजला राग आला, आणि रागापेक्षा मोठा अभिमान वाटला, आणि दोन्ही एकदम आल्यानं डोळ्यांत पाणी आलं. त्यानं चष्मा पुसल्याचं निमित्त केलं.

राजाबाईंनी त्याला परसात नेलं. उकिरड्याच्या कडेला पाच-सहा वेली आपोआप उगवलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या. दरवर्षी उगवतात, आम्ही खातो, पण धड एकसारखं फळ येत नाही, म्हणाल्या. होती तेवढी पिकली फळं त्यांनी पिशवीत भरून दिली. निघताना त्याच्या दंडाला हात लावून थांबवलं. तिनं ह्यातनं बी धरलं तर मलाबी चिमूटभर देईल काय, विचार तिला. एवढं बोलताना त्यांची मान खाली होती.

घरी आल्यावर त्यानं पिशवी आईच्या पुढ्यात ओतली. कुठून आणली हे सांगायची गरज पडली नाही. त्यांनी एक फळ उचललं, वळ्या चाचपल्या, देठाशी वास घेतला, आणि पहिलं काय बोलल्या तर त्याला झापलं. कुठल्या झाडाचं कुठलं, वेगवेगळं ठेवायला काय झालतं? मग कामाला लागल्या. एकेक फळ कापायचं, जिभेला लावायचं. हे पाणचट, बाजूला. हे नुसतं आंबट, बाजूला. हे देठाशी अजून हिरवं, म्हणजे गरवं, बाजूला. बावीस फळांतली चार राहिली. ती त्यांनी वाटीत पिळली, गर दोन दिवस आंबू दे म्हणाल्या, मग धुऊन राखेत वाळवू. बोटांना लागलेला रस भाकरीनं पुसून घेतला आणि ती भाकर खाल्ली. मग आणखी अर्धी मागितली.

उपासना ताट घेऊन धावली. धर्मराज आईसमोर खाली बसला.

"आये, बी तू धरायचीस हे कधी बोलली न्हाईस."

"इचारलं कुणी?" त्या म्हणाल्या आणि चावत राहिल्या.

मग त्यानं राजाबाईंचा निरोप सांगितला. सांगताना त्याला मनातून वाटत होतं की आईनं सरळ नाही म्हणावं. पन्नास वर्षांचा हिशेब एका नकारात चुकता व्हावा असं त्याला खरंच वाटत होतं. शेवंताबाईंनी घास गिळला, पाणी प्यायल्या, आणि वाटीवर बशी झाकली.

"देऊ की," त्या म्हणाल्या. "चिमूटभर कशाला, वंजळभर देऊ. पण तू न्ह्यायचं न्हाईस, आणि कुणाच्या हाती धाडायचंबी न्हाय. तिला हितं येऊ दे. खुर्ची टाकीन, च्या करीन. तिनं फकस्त दारात हुभं ऱ्हाऊन एकदा म्हणावं, शेवंताबाई, बी देता काय?"