चार चकत्या

डोंगरातल्या चढावर पुढे एक टँकर रांगत होता. चष्मेवाल्याने समोरचा रस्ता मोकळा असल्याचं पाहिलं, गाडी बाहेर काढली आणि ॲक्सिलेटर पिळला. एरवी अशा वेळी त्याची मोटरसायकल दावं सुटल्यासारखी उधळायची. आज नुसता आवाज चढला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा सहा हजारांवर गेला आणि तिथेच बसला. टँकरच्या चाकांची घरघर कानाशी घेऊन तो टँकरच्या बरोबरीनेच चालत राहिला. पुढे जाईना, मागे पडेना. समोरच्या वळणावर ट्रकचे दिवे दिसले तेव्हा करकचून ब्रेक दाबून त्याने पुन्हा टँकरच्या मागे आश्रय घेतला.

कडेला थांबून त्याने हेल्मेट काढलं. पहिला संशय आला तो मेकॅनिकचा. तीनच दिवसांपूर्वी गाडी त्याच्याकडून सर्व्हिसिंग होऊन आली होती.

चष्मेवाल्याचं वय सत्तावन्न. चौकात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि गावभर त्याला त्याच नावाने ओळखत. गाडी एकवीस वर्षांची. चार सिलिंडर, चार कार्बोरेटर, पुढे मोठी काच, मागे दोन्ही बाजूंना सामानाच्या कडक पेट्या. लांबच्या प्रवासाला आरामशीर, आणि मनात आणलं तर शर्यतीच्या गाड्यांना घाम फोडणारी. कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलं होतं. नऊ वर्षांपूर्वी त्याने ती भंगारात जाता जाता उचलली, तेव्हा बायको म्हणाली होती, "सवत आणलीत, तीही ढकलत आणलीत." मग त्याने गाडी हळूहळू आपल्या अंगासारखी करून घेतली. पाठ दुखते म्हणून हँडल इंचभर वर घेतलं. त्यासाठी लागणारे तुकडे मेव्हण्याने आपल्या लेथ मशीनवर काढून दिले. सीटचा फोम बदलला, दिवे बदलले. इंजिनाला मात्र आठ वर्षं एकाच माणसाचा हात लागत होता. तो मेकॅनिक इतका कमी बोलायचा की गिऱ्हाइकं त्याला पाठीमागे मुका म्हणत.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला गॅरेजमध्ये गेला.

"सहा हजारांच्या वर श्वासच घेत नाही रे ही. काय केलंस?"

मुक्याने एक फेरी मारून आणली. "मला तर ठीक वाटली, काका."

"ठीक? अरे, टँकर ओलांडता आला नाही मला."

मुका खाली वाकून डावीकडची पेटी न्याहाळत होता. "ही परत घासली?"

"पार्किंगचा खांब. जागाच अरुंद आहे तिथे. तू इंजिनाचं बोल."

"गाडीचंही वय झालं, काका," मुका म्हणाला आणि हात पुसायला आत गेला.

आठ वर्षांत त्याने असं कधी म्हटलं नव्हतं. उलट ही गाडी आपल्या दोघांनाही पोचवून मग जाईल, असं एकदा तो म्हणाला होता, आणि त्याचं सगळ्यात लांबलचक वाक्य तेच होतं. आज तो नजरेला नजर देत नव्हता. चष्मेवाल्याचं अर्धं आयुष्य माणसांच्या डोळ्यांत बघण्यात गेलेलं. चुकवलेली नजर त्याला लगेच कळायची.

पुढचे दोन आठवडे त्याने एकेक गोष्ट तपासून काढली. हवेचा फिल्टर स्वच्छ. पेट्रोलचा फिल्टर नवा. चारही प्लग कोरड्या विटकरी रंगाचे, जसे असायला हवेत तसेच. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक मोकळं. पंपवाला भेसळ करतो म्हणून पंप बदलून पाहिला. गाडी एका सेल्फमध्ये सुरू व्हायची, गावात लोण्यासारखी चालायची आणि सहा हजारांवर हटून बसायची.

एकदा जेवताना बायकोने विचारलं, "आता किती पळते हो ती?"

त्याचा घास हातातच राहिला. नऊ वर्षांत तिने गाडीची चौकशी फक्त "घरी कधी येणार" एवढ्यापुरती केली होती.

"का गं?"

"सहज."

ते सहज त्याच्या घशाखाली उतरलं नाही. त्याच आठवड्यात तिचा फोन टेबलावर वाजला आणि पडद्यावर मुक्याचं नाव उमटलं. तिने झटकन फोन उचलला, गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं. तिने घरात ठेवलेला फोन एरवी तो कधी बघत नसे. त्या संध्याकाळी बघितला. महिनाभरात पाच कॉल. तिचं वय चौपन्न, मुका चाळिशीचा. मनात आलं त्याचं त्याला स्वतःलाच हसू आलं, पण ते हसू काही टिकलं नाही. विचारायची हिंमत होईना आणि न विचारता चैन पडेना.

मग त्याने वेगळा हिशेब मांडला. गावात अगदी तशीच, लाल रंगाची दुसरी गाडी होती, दातांच्या डॉक्टरांची. तीही मुक्याकडेच जायची. मध्यंतरी डॉक्टर दुकानात आले तेव्हा म्हणाले होते, "हल्ली माझी गाडी काय सुसाट पळते म्हणून सांगू!" म्हणजे आपले चांगले कार्बोरेटर तिकडे आणि त्यांचे झिजलेले इकडे. बायकोला हे कळलं असणार आणि ती आपल्याला धक्का नको म्हणून गप्प असणार. एवढं जुळवल्यावर त्याला जवळजवळ बरं वाटलं.

पुरावा मिळवणं सोपं होतं. दोन वर्षांपूर्वी, जोडताना क्रम चुकू नये म्हणून, त्याने आपल्या चारही कार्बोरेटरवर बायकोच्या नेलपॉलिशचा एकेक ठिपका देऊन ठेवला होता. तो दवाखान्यात गेला, नंबर लावला आणि बाहेर येऊन लाल गाडीशेजारी गुडघ्यांवर बसून बॅटरीचा झोत आत मारला. एकही ठिपका नव्हता. गाल जमिनीला टेकवून तो दुसऱ्या बाजूने बघत होता, तेवढ्यात दवाखान्यातली नर्स मागे येऊन उभी राहिली.

"काका, काही पडलं का?"

"दात," त्याच्या तोंडून निघालं.

मग त्याला खुर्चीत बसून, धडधाकट दात पाऊण तास साफ करून घ्यावे लागले.

रविवारी सकाळी बायको भाजी आणायला बाहेर पडल्यावर त्याने स्वतःच गाडी उघडायची ठरवलं. टाकी काढली, हवेचा डबा काढला, क्लिपा सैल करून कार्बोरेटर हलवत हलवत बाहेर ओढले. नेलपॉलिशचे चारही ठिपके जागच्या जागी होते. म्हणजे माल त्याचाच. पण कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये जी रबरी नळकांडी असतात, त्यांच्या तोंडात काहीतरी चकाकत होतं. त्याने बोट घातलं. ॲल्युमिनियमची पातळ चकती, मधोमध करंगळी कशीबशी जाईल एवढं भोक. चार नळकांड्यांत चार. गाडीचा गळा कुणीतरी मोजून मापून आवळला होता.

त्याने एक चकती उजेडात धरली. भोकाची धारदार कड अगदी बारीक घासून मोडलेली, वरून काचकागद मारून गुळगुळीत केलेली. मेव्हणा कुठलाही तुकडा असा कड मोडल्याशिवाय हातावेगळा करत नसे. हँडलखालचे तुकडे असेच होते.

बायको आली तेव्हा चारही चकत्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओळीने मांडलेल्या होत्या. तिने पिशवी खाली ठेवली. आपल्याला काही माहीत नाही असं सोंग तिने आणलं नाही.

"सापडल्या," ती म्हणाली.

"तुझ्या भावाने केल्या. त्या मुक्याने बसवल्या. आणि तू काय केलंस?"

"मी दोघांना करायला लावलं."

"कशासाठी?"

"तुम्हाला डावीकडचं दिसत नाही म्हणून."

तो मोठ्याने हसला. "मला? रोज तीस-चाळीस माणसांचे डोळे मी तपासतो!"

"त्यांचे तपासता." तिने खुर्ची ओढून त्याला बसवलं. "उजवा डोळा झाका. त्या घड्याळाकडे बघा, मान हलवायची नाही." ती त्याच्या डाव्या बाजूला, थोडी पुढे जाऊन उभी राहिली. हीच परीक्षा तो दुकानात गिऱ्हाइकांची घ्यायचा. तिने कितीदा तरी पाहिली होती. "किती बोटं?"

"तीन," तो ठसक्यात म्हणाला.

"मी अजून हात वरच केलेला नाही."

घड्याळाचा काटा पुढे सरकला. त्याने झाकलेला डोळा उघडला नाही. त्याला हे नवीन नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी दुकानात एका बाईने डावीकडून पुढे केलेला चष्मा त्याच्या कोपराने उडाला, तेव्हा आरशासमोर उभं राहून त्याने स्वतःची हीच परीक्षा घेतली होती आणि निकाल थकव्यावर ढकलला होता. पेटी घासली ती खांबामुळे, खांदा आपटला तो दारामुळे, चहा सांडला तो कपामुळे.

"मला सांगायचं होतंस," तो म्हणाला.

"तीनदा सांगितलं. डोळ्यांतलं मला काय कळतं, असं तुम्हीच म्हणालात."

ते खरं होतं. पण त्याला टँकर आठवला आणि राग पुन्हा उसळला. त्याने तिला चढावरची हकीकत सांगितली. इतके दिवस ती त्याने गॅरेजखेरीज कुठेच सांगितली नव्हती. समोरून आलेले ट्रकचे दिवेही सांगितले. ऐकता ऐकता तिने समोरची खुर्ची ओढून घेतली.

"तुमचा मेकॅनिक म्हणाला होता, गाडी फक्त हळू होईल."

"झाली ना हळू. नको तिथे झाली."

दुपारी तो चकत्या खिशात घालून मुक्याच्या घरी गेला. मुक्याने दार उघडलं, त्याच्या तळहातावरच्या चकत्या पाहिल्या आणि बाजूला होऊन त्याला आत घेतलं.

"आठ वर्षं माझी गाडी तुझ्या ताब्यात देतोय," चष्मेवाला म्हणाला. "डोळे मिटून."

"काका, मी सांगितलं असतं तर तुम्ही गाडी दुसरीकडे नेली असती."

"नेली असती!"

"मग?"

"मग नेऊ द्यायची. तोंडावर नाही म्हणायचं. मला न सांगता माझ्या गाडीत हात घालायचा नाही. मेलो असतो मी त्या चढावर."

मुका खाली बसला. मग बोलायला लागला, तुटक तुटक, पण थांबला नाही. दोन महिन्यांपूर्वी तो चौकात उभा होता. चष्मेवाला गाडीवरून डावीकडे वळला. त्याच्या डाव्या हाताला एक सायकलवाली बाई होती. पेटीचा धक्का लागून ती पडली.

"तुम्ही मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला वाटलं, काका पळून गेले. तुमच्यासारखा माणूस! दोन दिवस झोप लागली नाही. मग पेटी आठवली. तुम्ही पळाला नव्हता. तुम्हाला ती दिसलीच नव्हती."

"लागलं तिला?"

"गुडघे फुटले. हात धरून उठवलं मी. घरी गेली."

चष्मेवाल्याने चकत्या स्टुलावर ठेवल्या. त्या वळणावर काहीतरी घासल्यासारखं त्याला वाटलं होतं. खड्डा असेल म्हणून तो पुढे गेला होता.

"तेव्हा मी काकूंना फोन केला," मुका म्हणाला. "चढाचा विचार मी करायला हवा होता. तो केला नाही. ती माझी चूक."

चष्मेवाला दाराकडे वळला. त्याने माफ केलं नव्हतं, पण भांडायचं बळही उरलं नव्हतं.

डोळ्यांच्या ज्या डॉक्टरीणबाईंकडे तो वर्षानुवर्षं गिऱ्हाइकं पाठवत आला होता, त्यांच्याकडे तो मंगळवारी स्वतः गेला. गोल यंत्रात हनुवटी टेकवून, ठिपका दिसला की बटण दाबायचं होतं. डाव्या डोळ्याच्या वेळी मध्ये मध्ये इतका वेळ काहीच दिसेना, की यंत्र बंद पडलंय असा त्याला संशय आला. यंत्र चालू होतं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधाने टिकेल. आणि मोटरसायकल चालवायची नाही.

"तुम्हाला आधी कळलं नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कळलं होतं," तो म्हणाला.

गाडी मेव्हण्याने आणि मुक्याने मिळून जोडली, चकत्यांशिवाय. चष्मेवाला स्टूल टाकून शेजारी बसला होता आणि प्रत्येक क्लिप आवळल्यावर स्वतः बोटाने चाचपून बघत होता. "भावोजी, आता तरी विश्वास ठेवा," मेव्हणा म्हणाला. "तुझ्यावर तर मुळीच नाही," तो म्हणाला आणि पुढची क्लिप चाचपली.

गाडी घ्यायला चार माणसं आली. पहिल्याचे बूट त्याला खटकले, दुसऱ्याने इंजिन थंड असताना रेस दिली, तिसऱ्याने पेट्यांवर रंगीत पट्टे मारायची भाषा केली. चौथी एक गुरांची डॉक्टर होती, चाळिशीची; दूरदूरच्या गोठ्यांवर तिला जावं लागायचं. आल्या आल्या तिने टाकीचं झाकण उघडून आत गंज आहे का ते पाहिलं, चेन दोन बोटांनी उचलून बघितली आणि त्याच्यावरच संशय घेतला.

"एवढी जपलेली गाडी विकताय का? खरं कारण सांगा."

त्याने खरं कारण सांगितलं. मग त्याने तिला दुकानात नेलं, तक्त्यासमोर बसवलं आणि एक डोळा झाकायला सांगितला.

"मी गाडी घ्यायला आले आहे की चष्मा?"

"शेवटून दुसरी ओळ वाचा."

तिने शेवटची वाचली. बाजूची बोटंही बरोबर मोजली. कागदांवर सह्या झाल्यावर त्याने तिला थंडीत चोक किती ओढायचा ते दोनदा सांगितलं, मुक्याचा पत्ता दिला आणि म्हणाला, "माणूस चांगला आहे. पण काम झाल्यावर आत काय बसवलं ते विचारून घ्या."

ती गेल्यावर त्याने दुकान बंद केलं. बायको न्यायला आली होती. दोघं चालत निघाले. पंधरा-वीस पावलांवर ती त्याच्या मागून वळसा घालून डाव्या बाजूला आली.

"मी काही आंधळा झालेलो नाही," तो म्हणाला.

"मी कुठे काही म्हटलं?" ती म्हणाली आणि तिकडूनच चालत राहिली.