शेहेचाळीस टक्के

गाडी घेतल्यापासून लोक मला एकच प्रश्न विचारतात, किती जाते? नमस्कार ना चमत्कार, थेट किती जाते. मी आयटीआयला वायरमन ट्रेड शिकवतो, त्यामुळं मी सांगेन ते खरंच असणार असं त्यांना वाटतं. मी सांगतो, दोनशे किलोमीटर. कंपनी तीनशे म्हणते, पण कंपनीला साताऱ्याच्या चढावरून रोज भाजी आणायची नसते. आता महिनाभरात आणखी एक प्रश्न तयार झालाय. तो तोंडावर कुणी विचारत नाही, माझी पाठ वळली की विचारतात. बाप शेवटच्या घटका मोजत होता आणि हा गाडी चार्जिंगला लावून कडेगावात चहा पीत बसला होता म्हणे, खरं का?

खरं आहे. दोन चहा प्यालो.

तात्या म्हणजे माझे वडील. माधवनगरच्या गिरणीत चौतीस वर्षं मागावर होते. मागांच्या खडखडाटानं कान गेले, गिरणीही बंद पडली, पण माधवनगर काही सोडलं नाही. आई गेल्यावर त्याच गल्लीत राहणारी माझी थोरली बहीण, अक्का, त्यांचं जेवणखाण बघायची. मी महिन्यातून एखाद्या रविवारी साताऱ्याहून जायचो.

नवी गाडी दाखवायला नेली तेव्हा तात्यांनी बॉनेटवर पंजा ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"चालू हाय का बंद?"

"चालू आहे तात्या," मी त्यांच्या कानाशी ओरडलो. "हिला आवाज नसतो."

"मला काय त्याचं. मला सगळ्याच गाड्या अशा."

हसले बिसले नाहीत. पण नंतर पुढच्या सीटवर बसून सांगलीत गणपतीच्या देवळापर्यंत जाऊन आले आणि गल्लीत सगळ्यांना सांगितलं, आमच्या देवाची गाडी विजेवर चालती. देवा म्हणजे मी, देवदत्त.

आषाढापासून त्यांनी एक धोशा लावला. मला साताऱ्याला ने. थोडे दिवस तुमच्याकडं राहतो. दर फेरीला मी निघालो की चपला घालून दारात उभे. आणि दर वेळी मी सांगायचो, "तात्या, आज चार्जिंग कमी आहे. तुमी, सामान, एवढा लोड झेपायचा न्हाई. पुढच्या टायमाला."

दिवसभर अक्काकडच्या प्लगला लावलेली असल्यानं गाडीत तेव्हा नव्वद टक्के असायचे. आणि अठ्ठेचाळीस किलोच्या म्हाताऱ्यानं गाडीला काय फरक पडतोय, हे माझ्या पहिल्या वर्षाच्या पोरांनाही कळतं. आमच्या घरात दोन खोल्या. तात्या आले की टीव्ही गल्लीभर ऐकू जाणार, पहाटे चारला उठून खाकरणार, मला ते नको होतं. सरळ सांगायची हिंमत नव्हती, म्हणून बॅटरीचं नाव पुढं केलं. तात्या मान हलवायचे. म्हणायचे, "विजेचं तुला कळतंय. तू म्हंतोस तसं." आणि चपला काढून आत जायचे.

असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी म्हणालो, "दसरा झाला की नेतो. नक्की."

तर खंडेनवमी. आमच्या घरचा नियम तात्यांचा, म्हणजे गिरणीचा. त्या दिवशी माग बंद, मागाला हळदकुंकू, हार. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याची आरती होईपर्यंत कुणी हत्याराला हात लावायचा नाही. मशीन बी दमतंय, असं ते म्हणायचे. गिरणी गेली तरी नियम राहिला. ज्ञानदा, माझी बायको, माझ्यापेक्षा जास्त पाळते. तिनं शिलाई मशीन पुजलं, मिक्सर पुजला, माझी पक्कड आणि टेस्टर पाटावर मांडले. मग पोर्चमध्ये गेली. मी स्वतः भिंतीत बसवलेला चार्जर, त्यालाही हळदकुंकू लावलं, आणि गाडीत खुपसायची जी गन असते तिला झेंडूचा हार गुंडाळून ठेवला.

संध्याकाळी मी आलो तेव्हा गाडीत अडतीस टक्के होते.

"लावू का गं?" मी विचारलं.

"आता पूजा झालीय. एक दिवस विश्रांती. तात्यांनी अक्कांच्या फोनवरून मुद्दाम सांगितलंय."

"असू दे. उद्या कुठं जायचंय," मी म्हणालो.

दसऱ्याला सकाळी सव्वाआठला अक्काचा फोन आला. तात्यांना घरघर लागली होती. डॉक्टर घरी येऊन गेले, आता हलवू नका म्हणाले. "तुझं नाव घेत्यात," अक्का म्हणाली. "निघ."

ज्ञानदा चार्जरकडं धावली, हार काढला. मी म्हणालो, घरच्या चार्जरवर तासाला दहा-बारा टक्के होतात, त्याची वाट बघण्यात अर्थ नाही. कडेगावात फास्ट चार्जर आहे. ती म्हणाली, "शेजारच्या आप्पासोंची गाडी मागू का?"

"दसऱ्याच्या दिवशी कुणाची गाडी मागायची? त्यांनी कालच धुवून हार घातलाय."

घट उठवायचे असल्यानं तिला घर सोडता येईना. घट उठवून एस्टीनं येते म्हणाली. मी एकटा निघालो.

हायवेचं काम चालू होतं म्हणून आतल्या रस्त्यानं गेलो. एसी बंद, काचा बंद, वेग पन्नास. रेडिओसुद्धा लावला नाही, जसा काही रेडिओच सगळी बॅटरी खाणार होता. वाटेत सगळे ट्रॅक्टर धुतलेले, झेंडूत बुडालेले, आणि रस्त्याच्या मधून चाललेले. मला घाम येत होता, पण आत काही होत नव्हतं. बाप चाललाय, असं मनाशी दोनदा म्हणून बघितलं. नळाला पाणी नसलं की नुसती हवा येते, तसं.

कडेगावात दहाला पोचलो. सहा टक्के उरले होते. तिथं शोएबचं हॉटेल आहे आणि हॉटेलसमोर चार्जिंगचं एक मशीन. आमची जुनी ओळख, दर फेरीला चहा असतो. त्याच्या मशीनलाही हार होता.

"आमी बी घालतो, सर," शोएब म्हणाला. "रोज राबतंय बिचारं." मग माझं तोंड बघून विचारलं, "काय झालं?"

मी सांगितलं. त्यानं हार बाजूला केला, गन स्वतः गाडीला लावली. ॲपचा ओटीपी येईना म्हणून माझा फोन घेऊन रस्त्यापलीकडं रेंजमध्ये जाऊन उभा राहिला. मशीन सुरू झालं. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो.

साडेदहाला अक्काचा फोन. "डोळं उघडल्यात. दाराकडं बघत्यात. कुठवर आलायस?"

"कडेगाव. गाडी चार्जिंगला लावलीय."

"अजून किती वेळ?"

"होईल," मी म्हणालो.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी शोएब मशीनपाशी गेला, वाकून आकडा वाचला आणि परत आला. "सर, शेहेचाळीस झालंय. इथनं माधवनगर पंचावन्न किलोमीटर. आरामात पोचताय. निघा तुमी."

"ऐंशी होऊ दे," मी म्हणालो. "रिस्क नको."

तो आत गेला. दुसरा चहा आणून ठेवला. मी तो प्यालो. हॉटेलात एक कुटुंब जिलेबी खात होतं. सत्तावन्न झाले, एकसष्ट झाले, मी आकडा बघत होतो. सव्वाअकराला ऐंशी झाले आणि मी निघालो.

साडेबाराला माधवनगरात पोचलो. तात्या बाराला गेले होते.

अक्का दारातच होती. रडून झालं होतं तिचं. "लय वाट बघितली," एवढंच म्हणाली. आत तात्यांना खाली घेतलं होतं. दाराच्या मागं खुंटीला त्यांची कापडी पिशवी लटकत होती, फुगलेली. मी हात लावल्यावर अक्का म्हणाली, "ती साताऱ्याची. दसरा झाला की जायचंय म्हणून चार दिसांपूर्वीच भरून ठिवलीती." दोन धोतरं होती, बंडी होती, कानाचं मशीन डबीत घालून ठेवलेलं होतं. मी पिशवी परत खुंटीला लावली.

सुतकात येणाऱ्या प्रत्येकानं गाडीचा पंचनामा केला. डिझेल असतं तर दोन-अडीच तासांत आला असता. खेळणं घेतलंय त्यानं खेळणं. अक्काचे यजमान तर तिसऱ्या दिवशी जाऊन गाडीच्या टायरला लाथ मारून आले. मी ऐकून घेत होतो. गाडीला नावं ठेवत होते, मला नाही. बरंच होतं ते.

पण ज्ञानदा. दहाव्याला घाटावरून परत आलो तेव्हा बायकांत बसून ती म्हणाली, "माझ्यामुळं झालं. मी हार घातला त्या मेल्या चार्जरला." कुणीतरी म्हणालं, असं का बोलतेस, चांगल्यासाठीच केलंस. "रात्री लावली असती तर हे पोचले असते," ती म्हणाली आणि पदर तोंडात कोंबून रडली. मी दोन हातांवर होतो. मला बोलता आलं असतं. मी उठून मांडववाल्याला खुर्च्या मोजून दिल्या.

साताऱ्याला परतल्यावर तिनं नवीनच चालू केलं. मी गाडी पोर्चमध्ये लावली की हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत ती वायर लावते. शहाण्णव टक्के असले तरी लावते. मी सांगितलं, सारखं शंभर करणं बॅटरीला चांगलं नसतं. म्हणाली, "बॅटरीचं मरू दे." सकाळी दात घासायच्या आधी जाऊन आकडा बघून येते. परवा चपाती लाटता लाटता उठून गेली आणि आल्यावर म्हणाली, "शंभर आहेत." मी म्हणालो बरं. जेवण कमी झालंय तिचं. माझं नाही, मी व्यवस्थित जेवतो.

काल तात्यांचा महिना होता. दोघं गाडीनं निघालो. शंभर टक्क्यांनिशी निघालो, म्हणजे सरळ माधवनगर गाठता आलं असतं, पण वाटेत आधी औंधला तिच्या मामाकडं गेलो. तिथून परत फिरून साताऱ्याला जायला लागलं, तात्यांचा फोटो फ्रेमवाल्याकडंच विसरला होता. त्या हेलपाट्यात बॅटरी निम्म्याच्या खाली आली आणि कडेगावात पोचेपर्यंत अकरा टक्के उरले. मला तिथं थांबायचं नव्हतं. थांबावं लागलं.

शोएबनं गन लावली, चहा आणला, ज्ञानदाला नमस्कार केला. ती त्या मशीनकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "त्या दिवशी किती वेळ लागला हो यांना?"

शोएबनं माझ्याकडं बघितलं. मी चहाकडं बघितलं.

"मशीनच स्लो होतं वहिनी," तो म्हणाला. "लाईट कमी-जास्त होत होती. सरांचा काय इलाज चालला न्हाई."

ज्ञानदानं मान हलवली. तात्या हलवायचे तशीच. म्हणजे विजेचं तुम्हाला कळतंय, तुम्ही म्हणता तसं. आणि मग हळूच, स्वतःशीच म्हणाली, "तरी मी हार घालायला नको होता."

"मशीन चांगलं होतं," मी म्हणालो.

शोएब म्हणाला, "सर, जाऊ द्या."

"नाही. मशीन चांगलं होतं. दहा चाळीसला शेहेचाळीस टक्के झाले होते. हा म्हणाला, निघा, पोचताय. पोचलो असतो. बाराच्या आत पोचलो असतो. मला जायचं नव्हतं. तात्या म्हणाले असते, आणलीस का गाडी, चल. त्यांना काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं. म्हणून बसलो. तुझ्या हाराचा काही संबंध नाही."

एवढं सगळं मी एका दमात, वर्गात शिकवतो त्या आवाजात बोललो. शोएब आत निघून गेला. ज्ञानदा माझ्याकडं बघत होती. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"महिनाभर," ती म्हणाली. "महिनाभर मी त्या वायरीपाशी..." आणि थांबली.

मग ती उठली आणि मशीनपाशी जाऊन उभी राहिली. मी हाक मारली नाही. मला वाटलं रडत असेल, पण ती आकडा बघत होती. बराच वेळ उभी होती. चहाचे ग्लास वाळले. मग तिनं मशीन बंद केलं, गन ओढून काढली आणि जागेवर अडकवली.

"शेहेचाळीस झाले," ती म्हणाली. "चला."

माधवनगरचा रस्ता धरला. मी एसी बंद करायला हात पुढं केला, तिनं तो बाजूला केला आणि एसी वाढवला. पलूस गेलं. उसाचे फड गेले. दुपारी एकला गाडी अक्काच्या दारात उभी केली.

तिनं पुढं वाकून आकडा बघितला. मग माझ्याकडं न बघता, मला ऐकू जाईल असा वाचला.

"एकोणीस उरलेत."

तात्यांचा फोटो छातीशी धरून ती उतरली. मी गाडी बंद केली. बंद झाली की नाही ते कळेना, म्हणून उतरून बॉनेटवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिलो.