अक्षयाचं गाऱ्हाणं

अक्षयाने बाहुली आईच्या हातातून ओढून घेतली आणि भिंतीला पाठ लावून बसली. स्वप्नाने रिकामे हात मांडीवर ठेवले, मग उचलले, मग पदराची कड चोळायला घेतली. चटईवर बसून पायाला मुंग्या आल्या होत्या.

वेंगुर्ल्याच्या समुपदेशन केंद्रातल्या या खोलीत मायलेकींचा हा सहावा मंगळवार. त्या संध्याकाळी नवऱ्याने कपाळ फोडलं तेव्हा स्वप्ना मागच्या दाराने पळाली ती थेट धामापूरला, माहेरी. पाच वर्षांची लेक त्या घरातच राहिली. दुसऱ्या दिवशी भाऊ गुरुदास तिला घेऊन आला, पण तेव्हापासून पोर आईच्या कुशीत शिरायला तयार नव्हती. आपण टाकून गेलो, तेच तिने मनात धरलंय, हे स्वप्नाने स्वतःला इतक्यांदा ऐकवलं होतं की आता दुसरं काही तिला ऐकूच येत नव्हतं. आणि उपाय काय, तर आठवड्यातून एक तास बाहुल्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

“शिकवू नका, थांबवू नका. ती नेईल तिकडे जा,” कोपऱ्यात बसलेल्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या.

“जातेय ना मॅडम,” स्वप्ना म्हणाली आणि तिने घड्याळाकडे बघितलं.

अक्षयाने ठोकळ्यांचं देऊळ केलं, पुढे नारळ म्हणून चेंडू ठेवला, आणि डोळे मिटून देवळातल्या मानकऱ्यासारखा जाड आवाज काढला. मानकऱ्याने सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला होकार भरायचा, ही रीत कोकणात कुणाला शिकवावी लागत नाही.

“बा देवा म्हाराजा, आज ही लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सवयीने स्वप्नाच्या तोंडून गेलं.

“आयेचा डोक्या दुखता, ता बरा कर, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.” तिला हसूही आलं.

“आई कपाटामागे लपलेली. बाबान हाक मारल्यान, म्हणान अक्षयान दाराची कडी काढल्यान. म्हणान आयेक लागला. अक्षयाचा चुकला, ता पदरात घे, म्हाराजा.”

स्वप्नाचा होकार तोंडातच राहिला. कडी कोणी काढली, हे इतक्या दिवसांत तिने विचारलंच नव्हतं. पोरीने एक डोळा किलकिला करून तिच्याकडे बघितलं.

“नाय म्हाराजा,” स्वप्ना म्हणाली.

“तसा नाय म्हणूचा गो. व्हय म्हणूचा असता.”

“नाय म्हाराजा.”

अक्षया गोंधळली. गाऱ्हाण्याला कोणी नाही म्हटलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं.

“मगे कोणाचा चुकला?”

माहेरी हा विषय निघाला की कोणीतरी चहा ठेवायला उठायचं. बहुतेक वेळा स्वप्नाच. आता तिने चेंडूपुढे हात जोडले.

“बाबाचा चुकला, म्हाराजा.” “लेकराचा कायच चुकाक नाय, म्हाराजा.”

अक्षयाने आईसारखेच चेंडूपुढे हात जोडले.

“व्हय म्हाराजा,” ती बारीक आवाजात म्हणाली.