जुलैचा नियम

स्वीडनमधल्या आमच्या विद्यापीठात संगणकवाला तोर्केल सगळ्या शास्त्रज्ञांना संगणकासारखा विचार करायला शिकवायचा. "प्रश्नाचे तुकडे करा, साम्य शोधा, नियम बांधा," हा त्याचा मंत्र. मी समुद्रातले सील प्राणी मोजणारी. माझ्या नोंदी त्याने प्रोग्रामला चारल्या आणि निष्कर्ष निघाला की दर जुलैत सील गायब होतात. मग भूगर्भवाल्यांच्या नोंदी घातल्या, तर जुलैत दरडी कोसळत नाहीत. वनस्पतीवाल्यांकडे तर भर उन्हाळ्यात एक फूल नाही!

"तीन शास्त्रं, एकच नियम!" तोर्केल नाचायचाच बाकी होता. "जुलैत निसर्ग विश्रांती घेतो."

"कसला डोंबलाचा निसर्ग!" मी भडकले. "जुलैत अख्खा स्वीडन सुट्टीवर असतो. मोजायला असतं कोण?"

कॉफीला जमलेले सगळे शास्त्रज्ञ तोर्केलकडे वळले. तो म्हणाला, "बरं बाई, पडताळून बघू. येत्या जुलैत मोजायला कोण कोण येतंय?"

सगळ्यांनी कॉफीच्या कपात तोंडं खुपसली. मला आमचं बेटावरचं, सुट्टीतलं लाल लाकडी घर दिसायला लागलं.

"नियम तसा बरोबर वाटतोय," मी म्हणाले. "छापायला जुलैतच पाठव. तपासायलाही कुणी नसेल."